खुराक कोणाचा?

१५ जानेवारी २०१७ ची रात्र कोथरूडकरांच्या लक्षात असेल. गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडने ३५० धावांचा डोंगर उभा केला होता आणि भारताचे चार गडी ६३ धावांतच तंबूत परतले होते. सहाव्या क्रमांकावर आलेल्या केदार जाधवने विराट कोहलीबरोबर दोनशे धावांची भागीदारी केली, ७६ चेंडूंत १२० धावा काढल्या, आणि पायात गोळे येऊन लंगडत असतानाही चेंडू सीमेपार धाडत राहिला. भारत तीन गडी राखून जिंकला. सामनावीर केदार ठरला. प्रेक्षकांत त्याचे आईवडील बसले होते. वडील महादेव जाधव महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात कारकून होते आणि २००३ साली निवृत्त झाले होते. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले जाधववाडी, राहणे कोथरूडला, चार मुले, तीन मुली आणि सर्वांत धाकटा केदार.

त्या रात्री सगळ्यांनी केदारची खेळी पाहिली. माझ्या डोक्यात मात्र त्या कारकुनाचा हिशेब घोळत राहिला. केदारचा जन्म २६ मार्च १९८५ चा. वडील निवृत्त झाले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघात तो २००४ मध्ये आला, आणि भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, रांचीला. म्हणजे बापाचा पगार बंद झाल्यापासून पोराच्या डोक्यावर भारताची टोपी येईपर्यंत अकरा वर्षे गेली. घरात तीन मुलींची शिक्षणे झालेली वा चाललेली, आणि एकुलता मुलगा मैदानावर. त्या अकरा वर्षांत कोथरूडच्या त्या घरात काय बोलणे होत असेल, कोण कोणाला काय विचारत असेल, हे कोणत्याच धावफलकावर लिहिलेले नसते.

पैलवानांच्या भाषेत एक शब्द आहे, खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण, अंडी, सगळे त्यात आले. पण तालमीत 'त्याचा खुराक कोण बघतो?' असे विचारतात तेव्हा त्यात फक्त खाणे विचारलेले नसते. या पोराच्या मागे कोण उभे आहे, किती वर्षे उभे राहणार आहे, आणि हरला तर काय, असा तो पूर्ण प्रश्न असतो. खेळाडू व्हायचे म्हणणाऱ्या मुलाचा खुराक आपल्याकडे गेल्या सव्वाशे वर्षांत कोणकोणत्या हातांनी पुरवला, हे पाहायचे तर सुरुवात कोथरूडपासून फार दूर नाही, नदीच्या पलीकडे, पुण्याच्या लष्करी भागातच करावी लागते.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा. जातीने चांभार, वडील लष्करात. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले, असे सांगतात. बाळू आधी एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम करीत, महिना तीन रुपये. मग युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले, महिना चार रुपये. तिथे खेळपट्टी लोळवायची, जाळे बांधायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. प्रत्येक वेळी बाद केल्यावर आठ आणे देई, अशी कथा आहे. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. या चार रुपयांना आपण वेतन म्हणू, शिष्यवृत्ती म्हणू, की नुसती मजुरी? भारतातला पहिला थोर फिरकी गोलंदाज त्या चार रुपयांवर घडला, एवढे खरे.

पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एक चेंडू हाताळत, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हे अनेकांनी लिहिले आहे आणि पुन्हा लिहायला हरकत नाही. मुंबईला गेल्यावर रेल्वेत नोकरी मिळाली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. या घराची खरी गोष्ट पुढेच आहे. थोरल्या भावाच्या कमाईवर आणि नावावर शिवराम, विठ्ठल, गणपत हे भाऊ पुढे आले. हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना जातीमुळे कधी मिळाले नाही, ते विठ्ठलला मिळाले आणि १९२३ ची चौरंगी स्पर्धा त्याच्या कप्तानीखाली जिंकली गेली. विठ्ठल पळवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले, ते जुन्या ग्रंथालयात मिळाले तर जरूर वाचावे. राजा नाही, जिमखाना नाही, बापाजवळ पैसा नाही. एका भावाचा खुराक दुसऱ्या भावाने पुरवला.

पैलवानांचे नशीब त्या मानाने बरे होते, कारण त्यांना राजे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला तो सर्वश्रुत आहे. खासबागेचे मैदान १९१२ मध्ये त्यांनीच उभे केले. दरबारचा पैलवान म्हणजे खुराकाची चिंता नाही. वस्तादाच्या हाती पोर सोपवले की बापाने निर्धास्त व्हायचे, अशी ती व्यवस्था. त्यात उणे एकच होते. राजाची नजर तुमच्यावर पडली पाहिजे. ती पडेपर्यंत गावच्या जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या करायच्या, मग नारळावरच्या, मग दोन-पाच रुपयांच्या. घरी एक म्हैस पोरासाठी राखून ठेवायची, तिचे दूध विकायचे नाही. आजही पौड रस्त्याने मुळशीकडे गेलात आणि एखाद्या जुन्या पैलवानाशी बोलायला बसलात तर म्हशीची गोष्ट निघतेच. बहिणींच्या वाट्याला त्या दुधातले काय आले, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. समोरचे आजोबा हसले आणि विषय बदलला.

कोथरूडला आज कर्वे रस्त्याने जाताना डेक्कन जिमखाना लागतो. ही संस्था १९०६ ची. १९१९ च्या सुमारास तिच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले. धावण्याच्या शर्यतीत उतरलेले गडी बहुतेक शेतकरी घरांतले, अनवाणी धावणारे, नियमांची फारशी माहिती नसलेले. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत, हे टाटांच्या लक्षात आले. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा चमू पाठवायचे ठरले. टाटांनी स्वतः पैसे घातले, सरकारकडूनही मदत मिळवली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. साताऱ्याचे सदाशिव दातार धावले, शर्यत पुरी करू शकले नाहीत. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदकाच्या इतके जवळ पोहोचलेल्या या माणसाचे नाव आज महाराष्ट्रात किती जणांना सांगता येईल?

इथे राजाच्या जागी एक उद्योगपती आणि एक नागरी संस्था आली. फरक लहान वाटतो, पण तो मोठा आहे. दरबारात पैलवान हा राजाचा असे. जिमखान्यात प्रथमच असे मानले गेले की वेळ मोजावी, स्पर्धा घ्यावी आणि जो पुढे येईल तो निवडावा. निवडलेल्याला पाठवायची जबाबदारी मात्र तरीही कोणाच्या तरी औदार्यावरच राहिली. चौगुले अँटवर्पहून परतल्यावर त्यांच्या खुराकाची कोणतीही कायम व्यवस्था जिमखान्याजवळ नव्हती, आणि असण्याची अपेक्षाही कोणी करीत नव्हते.

मध्यमवर्गाने याच काळात एक तिसरी वाट काढली, ती म्हणजे खेळाला पोटाशी न बांधण्याची. तिचा सर्वांत देखणा नमुना प्रा. दि. ब. देवधर. स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक, आणि क्रिकेटमध्ये महाराष्ट्राचे कप्तान. १९२६ मध्ये गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १४८ धावा. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक पुण्याला आणला, तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. १८९२ ला जन्मलेले देवधर १९९३ पर्यंत जगले. खुराक पगाराचा, खेळ हौसेचा. 'आधी शिक, नोकरी धर, मग खेळ' हा सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंतच्या घरांतला उपदेश या उदाहरणाच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या दिला गेला. पण उपदेश देणाऱ्यांना देवधरांची दुसरी बाजू आठवत नाही. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुली बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. चाळीसच्या दशकात पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या मुलींनी रॅकेट घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जायचे, यासाठी घरात केवढा आधार लागला असेल! संस्कृतच्या प्राध्यापकाचे हे काम मला त्या १४८ धावांहून मोठे वाटते, आणि त्याची नोंद आपण फारच कमी घेतली.

आता खाशाबा. त्यांच्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि योगायोग असा की गहुंज्याचा तो सामना त्यांच्याच जन्मतारखेला झाला. १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला जन्मलेल्या खाशाबा दादासाहेब जाधवांचे वडील स्वतः पैलवान होते, म्हणजे घरातच तालीम. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे प्रथमच गादीवर लढला आणि सहावा आला. पण १९५२ पर्यंत संस्थाने विलीन झाली होती. राजा गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या सरकारकडे मागितलेली मदत, स्पर्धा झाल्यावर बघू, या उत्तरावर थांबली असे सांगतात. मग राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी दिले, शेतकऱ्यांनी दिले.

सात हजार रुपये आणि एका मास्तराचे घर. हेलसिंकीला २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शेवटच्या टप्प्यात जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले आणि त्यावर हरकत घ्यायला जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. म्हणजे पैसे जमले, पण पाठीशी उभे राहायचे माणूस कमी पडले. खुराक म्हणजे फक्त पैसा नव्हे, ते असे.

गावी परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. कृतज्ञतेची गोष्ट म्हणून ती शाळांतून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. देशासाठी पदक आणणारा सव्वीस वर्षांचा तरुण परत येतो आणि पहिले काम करतो ते कर्जफेडीचे. १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली, बढती निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शनसाठी खेटे. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार दिला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

खाशाबांच्या पोलीस नोकरीपासून खुराकाचा नवा हात सुरू होतो, नोकरीचा. राजा गेला, जिमखाने दुबळे झाले, तेव्हा रेल्वे, पोलीस, बँका, विमा, तेल कंपन्या यांनी खेळाडू पोसले. कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या दोन-तीन पिढ्यांतील हजारो मराठी मुलांचे संसार या नोकऱ्यांवर उभे राहिले. हजेरी लावायची, दुपारी सरावाला जायचे. आपल्याकडे या नोकऱ्यांची चेष्टा होते, मला ती पटत नाही. गावाकडच्या बापाला पोराच्या खेळातून दिसणारे एकमेव ठोस फळ ते होते. अकरावीत नापास झालेला पण राज्य संघात कबड्डी खेळलेला मुलगा रेल्वेत चिकटला की गावातल्या आणखी दहा बापांनी आपापल्या पोरांना मैदानावर पाठवले, इतका साधा तो हिशेब होता. आजही शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. कोथरूडच्या अनेक घरांत खेळ टिकतो तो त्या गुणांपुरता. बोर्डाचा अर्ज भरला की रॅकेट कपाटावर जाते. आमच्याही घरी एक आहे, तारा सुटलेली.

या चौकटीबाहेर, घरच्या जिद्दीवर काही मुली पुढे आल्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनी बुद्धिबळातल्या, वडील 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींनी राष्ट्रीय महिला अजिंक्यपद बरीच वर्षे घरातच ठेवले. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा वाद झाला, प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेले आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय आला. संपादक बाप पाठीशी असल्यावर लढाई लढता येते, हे खरेच. कारकून बापाच्या मुलीने काय करायचे? सांगलीच्या स्मृती मानधनाच्या घरी कामाची वाटणी झाली होती. वडील आणि भाऊ दोघेही जिल्ह्याकडून खेळलेले. वडिलांकडे तिच्या क्रिकेटचा कार्यक्रम, आईकडे आहार, आणि नेटमध्ये गोलंदाजीला भाऊ. पळवणकरांच्या घरची व्यवस्था शंभर वर्षांनी पुन्हा उभी राहिलेली दिसते, फक्त आता खेळणारी बहीण आणि चेंडू टाकणारा भाऊ.

आता कोथरूड. मृत्युंजयेश्वराचे देऊळ, भोवती शेते, पलीकडे हिंगण्याला महर्षी कर्व्यांचे आश्रम, असे ते गाव होते. पेठांतले वाडे पडू लागले आणि कोकणातून, सोलापूर-साताऱ्याकडून नोकरीला आलेली माणसे फ्लॅट शोधू लागली तसे ते वाढले. आशियातले सर्वांत झपाट्याने वाढणारे उपनगर म्हणून नव्वदच्या दशकात त्याचे नाव घेतले जाई. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, वनाज. माणसे शिक्षक, कारकून, बँकेतली, कारखान्यातली. या वस्तीचा खेळाशी संबंध प्रथम आला तो मोकळ्या प्लॉटांमुळे. बांधकाम सुरू व्हायचे असलेला प्रत्येक प्लॉट हे टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे मैदान होते. केदार जाधवही आधी टेनिस चेंडूवरच्या स्पर्धांत रेनबो क्रिकेट क्लबकडून खेळला, मग डेक्कनवरच्या पी. वाय. सी. हिंदू जिमखान्यात गेला. पी. वाय. सी. म्हणजे पूना यंग क्रिकेटर्स. नावातच जुने पुणे आहे. कोथरूडच्या प्लॉटपासून त्या जिमखान्यापर्यंतचे अंतर सायकलने वीसेक मिनिटांचे. कारकुनाच्या मुलाच्या आवाक्यातले होते ते या सायकलीमुळे आणि त्या मोकळ्या प्लॉटांमुळे. ते प्लॉट आता राहिलेले नाहीत.

जागा संपली तशी प्रशिक्षण वर्गांची सोय आली. १९९१ नंतर हातात थोडा पैसा आला, दूरचित्रवाणीवर क्रिकेट चोवीस तास आले, २००८ मध्ये आयपीएलचा लिलाव आला. २०१८ च्या लिलावात चेन्नईने केदारला ७ कोटी ८० लाखांना घेतले, तेव्हा एका कारकुनाच्या घरातल्या मुलाच्या नावापुढे असा आकडा लागला. त्या आकड्याने शेकडो घरांत काय केले ते सकाळी साडेपाचला पौड फाट्यावर उभे राहिले की दिसते. स्कूटरवर पुढे उभे पोर, मागे आई, तिच्या खांद्याला किटबॅग. चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटला वीस-तीस हजार सहज पडतात आणि वाढत्या मुलाला ती दर दोन वर्षांनी बदलावी लागते. राजाच्या, जिमखान्याच्या, प्राचार्याच्या, रेल्वेच्या जागी आता खुराकाचा हात बापाचा आणि त्याहून जास्त आईचा आहे. नोकरी सोडलेल्या किंवा अर्धवेळ केलेल्या आया मी माझ्याच गल्लीत चार मोजल्या. यापूर्वीच्या कोणत्याही काळात मुलाच्या खेळाचा इतका खर्च एकट्या कुटुंबावर पडला नव्हता.

आणि जागा किती? महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत मुंबई आणि विदर्भ सोडून सारा महाराष्ट्र येतो. पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, औरंगाबाद, रत्नागिरी, जळगाव, या सगळ्यांतून रणजीच्या मैदानात उतरतात अकरा. पिंपरी-चिंचवडचा ऋतुराज गायकवाड त्या अकरांत आला, केदार आला, आणि केदारनेही आत शिरल्यावर वाट पाहिलीच. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा, २०१३-१४ च्या हंगामात १२२३ धावा, तेव्हा कुठे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी भारताचा संघ. बाराशे धावांचा हंगाम झाला नसता तर? त्याच्याबरोबर पी. वाय. सी.च्या जाळ्यात घाम गाळणारे, त्याच्याइतकेच हुशार म्हणवले जाणारे जे होते, त्यांचे आईवडील आज आपल्याशी काय बोलतील?

इथे माझे एक मत नोंदवतो, वाचकांनी ते नाकारावे हवे तर. मुलाला पाठिंबा देणे आणि मुलावर पैसे लावणे यांत आपली गल्लत होते. खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवले ते ऑलिंपिकला निवड झालेल्या, एकदा सहावा येऊन दाखवलेल्या जाणत्या मल्लासाठी. दहा वर्षांच्या पोरासाठी नव्हे. त्यांचे उदाहरण देऊन आज लोक घरावर कर्ज काढतात, अकादमीची फी भरतात, आणि मग जेवताना मुलाला त्या कर्जाची आठवण करून देतात. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगा चौदाव्या वर्षी खांदा दुखावल्यावर महिनाभर ते लपवत होता. बोलल्यावर बाबांचे पैसे बुडतील, असे त्याला वाटत होते. तो आता अभियांत्रिकीला आहे, बरा आहे, आणि टीव्हीवर क्रिकेट लागले की उठून आत जातो.

दुसरी वाट अगदीच नाही असे नाही, आणि ती कोथरूडपासून लांबही नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिन्यांनी लहान वयात मुले निवडून त्यांच्या राहण्या-खाण्याचा, शिकण्याचा आणि सरावाचा भार उचलला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, वडील शिक्षक, २००९ मध्ये वडिलांनीच त्याला प्रबोधिनीत घातले. तिथे त्याने नेमबाजी निवडली. २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी, सराव बालेवाडीला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मुलाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, आणि त्यामागे शाळामास्तर बाप, शासनाची प्रबोधिनी आणि रेल्वेची नोकरी असे तीन हात एका वेळी होते. नेमबाजीच्या गोळ्यांचा खर्च कोणत्याही एका शिक्षकाला पेलणारा नाही. शासन होते म्हणून बाप उभा राहू शकला, बाप होता म्हणून मुलगा शासनापर्यंत पोहोचला. पण प्रबोधिनीतल्या जागा मोजक्या, आणि कोथरूडमध्ये तिच्याबद्दल विचारले तर दहांतले आठ जण नावही ऐकले नसल्याचे सांगतात. ज्याला परवडते त्याला माहिती नाही, आणि गावाकडच्या ज्या बापाला गरज आहे त्याच्यापर्यंत निवड चाचणीची तारीख वेळेवर पोहोचतेच असे नाही.

जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा कोथरूडलाच लढली गेली. मैदानाला मुळशीतल्या मुठ्याचे मामासाहेब मोहोळ यांचे नाव होते. शिवराज राक्षे जिंकला, त्याला गदेबरोबर थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. इमारतींच्या गच्च्यांवरून लोक पाहत होते. गर्दीत माझ्या शेजारी मुळशीहून आलेला एक शेतकरी होता, खांद्यावर सात-आठ वर्षांचा मुलगा. हलगी थांबली, निकाल लागला, गाडीभोवती गराडा पडला. मुलाने वाकून बापाला विचारले, मला तालमीत कधी घालणार? बाप गाडीकडे बघत होता. म्हणाला, म्हस व्याली की.